थंडी विकणारं गाव

स्वित्झर्लंडमधल्या ल पों गावाच्या तळ्यात पाणी येताना दिसतं, जाताना दिसत नाही. फ्रान्सच्या बाजूने ऑर्ब नावाची नदी रमतगमत येते, तळ्यात शिरते आणि तिथेच संपते. नकाशावर बोट फिरवून बघा, तळ्यातून बाहेर पडणारी निळी रेघ सापडायची नाही. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये १००४ मीटर उंचीवर नऊ किलोमीटर लांब आणि जेमतेम किलोमीटरभर रुंद असं लाक द जू, आणि त्याच्या उत्तर टोकाला हे गाव. गावातल्या पुलापलीकडे आणखी एक तळं आहे, लाक ब्रेने. मोठ्या तळ्याचं पाणी पुलाखालून छोट्यात जातं आणि तिथून काठच्या विवरांमधून थेट जमिनीच्या पोटात. दोनशे मीटरहून अधिक खाली, वालोर्बजवळ एका कड्याच्या पायथ्याशी तीच ऑर्ब पुन्हा बाहेर येते, ती अशी दणक्यात की जणू वर तळ्यात पेंगत होती ती ही नव्हेच.

हा जुरा डोंगरांचा स्वभाव. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या हद्दीवरची ही रांग आल्प्ससारखी मिरवत नाही. ‘जुरासिक’ काळाला नाव मिळालं ते याच डोंगरांवरून, पण डायनासोरच्या सिनेमाला गर्दी करणाऱ्या कुणाला ते ठाऊक नसतं. सगळी चुनखडी. पावसाचं पाणी खडकात मुरतं, खडक विरघळवतं, भुयारं पाडतं. कुठल्या नदीचं पाणी कुठून निघेल याचा भरवसा नाही. हद्दीपलीकडच्या पोंतार्लिए गावात १९०१ च्या ऑगस्टमध्ये पेर्नो कंपनीच्या, बडीशेपेच्या वासाच्या आब्सांथ दारूच्या कारखान्यावर वीज पडली. आगीत टाक्या फुटू नयेत म्हणून लाखो लिटर दारू सोडून दिली, ती दू नदीत गेली. दोनेक दिवसांनी दूरवरच्या लू नदीच्या उगमाला बडीशेपेचा वास सुटला. लू ही दूच्याच गळतीवर जगते हे असं उघड झालं. भूगर्भशास्त्राच्या इतिहासात इतका नशिला पुरावा दुसरा नसावा.

ऑर्बचं पुढे काय होतं तेही मजेशीर आहे. ती नशातेल सरोवराकडे, तिथून आर नदीकडे, मग ऱ्हाईन आणि शेवटी उत्तर समुद्रात. डोंगराच्या अलीकडच्या उतारावर, म्हणजे आमच्या बाजूला पडलेलं पाणी जिनिव्हा सरोवरात येतं आणि ऱ्होन नदीतून भूमध्य समुद्राला मिळतं.

आमच्या बाजूला म्हणजे लोझानजवळ. नवऱ्याच्या नोकरीपायी आलो आणि राहिलो. ल पों माहीत झालं ते आमच्या फ्रेंचच्या बाईंमुळे. बाईंचं माहेर तिथलं. जानेवारीत वर्गाच्या खिडकीबाहेर बघून त्या म्हणायच्या, “आज वर उणे अठरा असणार,” आणि हे इतक्या ऐटीत सांगायच्या की थंडी त्यांच्या वडिलोपार्जित मालकीची असावी. एकदा मी विचारलं, “इतक्या थंडीत लोक करतात काय?” त्या म्हणाल्या, “विकतात.”

मला वाटलं माझं फ्रेंच कच्चं. पण त्या खरंच तसं म्हणाल्या होत्या, आणि नंतर जितक्यांदा त्या खोऱ्यात गेले तितक्यांदा त्यांचं म्हणणं पटत गेलं. लाक द जूच्या काठचं हे खोरं, म्हणजे वाले द जू, जे काही बनवत आलं त्यात कच्चा माल म्हणून हिवाळा आहे. गवत सोडलं तर इथे फार काही उगवत नाही. द्राक्षं खाली सरोवराकाठी. गहू त्याच्याही पलीकडे. बाराव्या शतकात इथल्या जंगलात ख्रिस्ती साधूंनी मठ बांधला, तो आडबाजूला कुणी फिरकणार नाही म्हणूनच. शेजारच्या लाबेई गावात त्या मठाचा एक मनोरा अजून उभा आहे.

विक्रीतला सगळ्यांत सरळसोट प्रकार म्हणजे बर्फ. १८७९ मध्ये ल पोंला बर्फाची कंपनी निघाली. तळं गोठलं की गावातली धडधाकट माणसं करवती घेऊन त्यावर उतरायची, लाद्या कापायची, काठाशी ओढत आणायची आणि मोठाल्या बर्फघरांत रचून ठेवायची. शेतात काम नसलेल्या दिवसांत रोख मजुरी मिळायची. १८८६ मध्ये वालोर्बहून ल पोंपर्यंत रेल्वे आली, ती आजच्यासारखी पाठीवर पिशव्या लटकवलेल्या हौशी लोकांसाठी नव्हे. ती मुख्यतः बर्फासाठी. लाद्या भरलेले डबे फ्रान्सच्या हद्दीत शिरत आणि पॅरिसपर्यंत जात. पॅरिसमधल्या कुण्या साहेबाच्या पेल्यात जो खडा किणकिणत होता तो ल पोंच्या कुण्या शेतकऱ्याने बोटं बधिर करून घेऊन कापलेला होता. त्याच रेल्वेने पुढे पर्यटक येऊ लागले, हॉटेलं उभी राहिली, आणि दरम्यान यंत्राने बर्फ बनायला लागल्यावर बर्फाचा धंदा अक्षरशः विरघळला. बर्फघरं आता नाहीत. बाईंनी मला जागा दाखवली तेव्हा तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, तरी त्या बराच वेळ हातवारे करून इथे दार, इथे रूळ असं सांगत राहिल्या.

आई सांगलीहून आली होती त्या वर्षी तळं गोठलं. सगळ्या वर्षी गोठतं असं नाही, त्यामुळे बातमी आली की लोझान-जिनिव्हाकडून माणसं स्केट्स घेऊन वर धावतात. गोठलं की हे युरोपातलं सगळ्यांत मोठं नैसर्गिक स्केटिंगचं मैदान, असं इथे सांगतात. आईला बर्फाची लादी माहीत होती ती रसवंतीवरची, गोणपाटात गुंडाळून दांडक्याने बडवलेली. सगळं तळंच लादी झालेलं पाहून ती काठावर थांबली. “मी नाही येणार. खाली पाणी असेल ना?” असेल म्हणजे आहेच. मी तिला हात धरून चार पावलं नेलं. बर्फ पडायच्या आधी नुसत्या कडाक्याने गोठलेलं तळं काळं दिसतं. बर्फ काळा नसतो, आरपार दिसतो आणि खालच्या खोल पाण्याचा काळेपणा वर येतो. पायाखाली पांढरे बुडबुडे नाण्यांच्या चवडीसारखे एकावर एक अडकलेले होते. भेगा उभ्या काचेसारख्या आत उतरलेल्या. आणि मग लांबून कुठून तरी ‘डुंऽऽव’ असा आवाज आला, पायाखालून गेला आणि पलीकडच्या काठाला जाऊन विरला. बर्फ प्रसरण पावतो, ताण मोकळा होतो, त्याचा हा आवाज. तो येत असेल तर घाबरायचं कारण नाही, असं बाईंनी शिकवलं होतं. मी ते आईला सांगेपर्यंत ती काठावर पोचलेली होती.

घड्याळांकडे येते. ल पोंमध्ये मोठा कारखाना नाही. कारखाने तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, ल सांतिए आणि ल ब्रासूला. पण बाईंचे वडील आयुष्यभर रोज तिकडेच कामाला जात होते, आणि गावात तशी घरं पुष्कळ. सांगितली जाणारी गोष्ट अशी: सहा महिने बर्फ, गुरं गोठ्यात, माणसं घरात. मग शेतकरी खिडकीशी बसून घड्याळाचे सुटे भाग घासू लागला. उन्हाळ्यात तोच हात विळा धरायचा, हिवाळ्यात कानस. जुन्या घरांच्या वरच्या मजल्यावर ओळीने खिडक्या दिसतात त्या यासाठी. बाहेरच्या बर्फावरून उलटून येणारा उजेड थेट टेबलावर पडतो.

गोष्ट खोटी नाही, पण जरा जास्तच गोंडस आहे. हिवाळा काय, पुष्कळ डोंगरांत असतो. सगळे डोंगरवाले घड्याळजी होत नाहीत. इथे त्याआधीपासून लोखंडाच्या भट्ट्या होत्या, चाकू-वस्तरे बनत होते, धातूला वळण लावणारे हात तयार होते. फ्रान्समधून धर्मापायी परागंदा झालेली कुटुंबं येऊन वसली होती. लकुल्त्र हे त्यांतलंच एक घराणं. अठराव्या शतकाच्या मध्याला घड्याळाचं काम खोऱ्यात शिरलं आणि जिनिव्हाच्या व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं की वर डोंगरात कुशल माणूस स्वस्तात मिळतो. हिवाळ्यात त्याला दुसरं काम नसतं, म्हणून तो भाव करत नाही. वर्षानुवर्षं गुंतागुंतीची यंत्रं इथे बनली आणि तबकडीवर नाव जिनिव्हाचं लागलं. थंडी विकली खरी, पण पहिली शे-दीडशे वर्षं पडेल भावात.

आंत्वान लकुल्त्रने १८३३ मध्ये ल सांतिएला कारखाना काढला, १८४४ मध्ये मिलिमीटरचा हजारावा भाग मोजणारं उपकरण बनवलं. १८६६ मध्ये त्या घराण्याने घरोघरी विखुरलेले कारागीर एका छपराखाली आणले. ल ब्रासूला ओदमार आणि पिगे या दोन तरुणांनी १८७५ मध्ये भागी सुरू केली. या नावांची घड्याळं आज बड्या दुकानांच्या काचेआड असतात आणि त्यांच्या किमतीत सांगलीत फ्लॅट येतो. आईला मी एक आकडा सांगितला. तिने शांतपणे विचारलं, “वेळ तीच दाखवतं ना?”

आमच्या घराचा या डोंगरांशी संबंध मात्र जुना निघाला. आजोबांचं मनगटी घड्याळ ‘फेवर लुबा’. महाराष्ट्रातल्या कितीतरी आजोबांचं असेल. लग्नात मिळालेलं, रोज सकाळी चावी द्यायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. फाव्र-लुबा ही याच जुरा रांगेतल्या, थोड्या उत्तरेच्या ल लोक्ल गावची कंपनी, आणि ती १८६५ पासून मुंबईत माल विकत होती. म्हणजे आजोबांच्या मनगटावर आयुष्यभर जुरातलाच हिवाळा टिकटिकत होता, आणि आम्ही नातवंडं तो कानाला लावून ऐकत होतो. लकुल्त्रचं ‘रिव्हर्सो’ तर हिंदुस्थानातल्या पोलोच्या मैदानांमुळेच जन्मलं. इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळताना फुटायच्या. १९३०-३१ च्या सुमाराला त्यांची ती तक्रार स्वित्झर्लंडपर्यंत पोचली आणि उत्तर म्हणून चौकटीत सरकवून पालथं करता येणारं घड्याळ निघालं. काच आत, पोलादी पाठ बाहेर.

ल सांतिएच्या घड्याळ संग्रहालयात मला सगळ्यात जास्त आवडलेली वस्तू घड्याळ नाही. ती एक वाळकी काडी आहे. जेन्शन नावाची पिवळ्या फुलांची उंच रानटी झाडं इथल्या कुरणांत उगवतात, गुरं त्यांना तोंड लावत नाहीत. त्यांच्या वाळलेल्या दांड्याचा गाभा मऊ आणि किंचित चिवट असतो. घड्याळाच्या आतल्या पट्ट्यांच्या कडा तिरप्या घासून झाल्या की शेवटची झिलई त्या काडीने, टोकाला बारीक पूड लावून देतात. कड किती? नखाच्या कडेहून बारीक. आणि ती झाकणाच्या आत, जिथे घेणारा कधी बघणारही नाही अशा ठिकाणी. अजूनही काही कारागीर असंच करतात. लाखो फ्रँकच्या वस्तूवर शेवटचा हात फिरतो तो गुरांनी टाकलेल्या गवताचा.

खोऱ्याच्या पश्चिमेला डोंगरभर पसरलेलं रिझूचं जंगल आहे, आणि तिथेही माल म्हणजे थंडीच. स्प्रूसची झाडं इथे फार सावकाश वाढतात. जमीन हलकी, उन्हाळा तोकडा. खोड कापलं तर वर्षावर्षाची वळी एकमेकांना चिकटून बसलेली दिसतात, सरळ आणि एकसारखी. असं लाकूड व्हायोलिनच्या, गिटारच्या वरच्या फळीसाठी लागतं. दोन-तीनशे वर्षांचं झाड, तेही हजारांत एखादंच त्या कामाचं निघतं. बघणारे लोक खोडाभोवती फिरतात, साल चाचपतात, टकटक करतात आणि बहुतेक वेळा नुसती मान हलवून पुढे जातात.

पण याच जंगलात थंडी कुणाच्या कामाची नव्हती असा एक काळ होऊन गेला. दुसऱ्या महायुद्धात रिझूची पलीकडची बाजू जर्मनांच्या ताब्यात होती. ऑगस्ट १९४२ मध्ये स्वित्झर्लंडने ज्यू निर्वासितांसाठी हद्द बंद केली. ल सांतिएची आन-मारी पिगे ही वनाधिकाऱ्याची मुलगी त्या युद्धकाळात दक्षिण फ्रान्समध्ये मुलांच्या एका आश्रयगृहात काम करत होती. तिथली ज्यू मुलं धरपकडीतून वाचवायची तर तिला एकच वाट ठाऊक होती, आपल्या वडिलांचं जंगल. पलीकडच्या शापेल-दे-ब्वा गावच्या विक्तोरिया कोर्दिएने आणि तिच्या बहिणींनी त्या मुलांना रात्री कड्यावरून चढवून आणलं. बर्फात पावलं उमटतात आणि पहारेकऱ्याला ती वाचता येतात. मुलांच्या पायात बूट कसले असतील कोण जाणे. मी त्या जंगलात भर दुपारी, उन्हात, खिशात फोन असताना चालले आहे. दगडी गडग्यापाशी हद्दीची खूण आहे, ओलांडायला एक पाऊल पुरतं. आन-मारी आणि विक्तोरियाबद्दल मला कळलं तेही उशिरा, बाईंकडून. चॉकलेटच्या पाकिटावर गाय छापतात तशी ही गोष्ट कुणी कुठे छापत नाही.

आता जरा खाण्याचं. ल पोंपासून चालत जाण्याच्या अंतरावर ले शार्बोनिएर गाव आहे, तळघरांचं गाव. तिथे वाशरँ मों-दोर नावाचं चीज पिकवतात. त्याचाही जन्म हिवाळ्यातला. उन्हाळ्यात गाई कुरणांवर असतात, दूध रगड असतं, त्याचं ग्रुयेर, म्हणजे मोठ्या चाकासारखं कडक चीज करायचं. ग्रुयेरच्या एका चाकाला सुमारे ४०० लिटर दूध लागतं. शरदात गाई खाली आल्या, दूध आटलं, चाक पुरं होईना. मग त्या थोड्या दुधाचं छोटं, मऊ, लवकर तयार होणारं चीज. सप्टेंबर ते एप्रिल एवढाच त्याचा हंगाम. बाकी वर्षभर मागितलंत तर दुकानदार तुमच्याकडे चैत्रात हुरडा मागितल्यासारखं बघतो.

हे चीज इतकं मऊ की नुसतं ठेवलं तर पसरेल. म्हणून त्याला स्प्रूसच्या सालीचा पट्टा बांधतात. जंगलात पाडलेल्या खोडाची खडबडीत साल आधी तासून काढायची, मग आतली ओलसर पापुद्र्यासारखी साल खास पात्याने लांब पट्टीत सोलायची. त्या पट्ट्या वाळवतात, वापरण्याआधी पुन्हा मऊ करतात आणि चीजभोवती कमरपट्ट्यासारख्या आवळतात. तळघरात फळ्यांवर रांगा लावलेल्या. रोज उलटायचं, मिठाच्या पाण्याने पुसायचं. लाकडाचा, राळेचा वास चीजमध्ये उतरतो. शेवटी ते लाकडी डबीत घालतात, आणि डबी मुद्दाम चीजपेक्षा लहान घेतात. त्यामुळे वरची साय दाबली जाऊन तिला लाटा येतात. कारागिराने अंगठ्याच्या मुळाने ते दाबून बसवलं तेव्हा माझ्या तोंडून “अगं बाई” निघालं; त्याला भाषा कळली नाही, पण तो खूश झाला.

खायची पद्धत: डबीला फॉइल गुंडाळायचा, मध्ये खड्डा करून लसूण आणि पांढरी वाइन घालायची, भट्टीत ठेवायचं, आणि उकडलेल्या बटाट्यांवर चमच्याने ओतायचं. वासाचं काय ते स्पष्टच सांगते, वास गोठ्याचा येतो. आईने नाकाला पदर लावून पहिला घास घेतला आणि मग बटाटे संपेपर्यंत काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी उरलेल्यावर तिने जिऱ्याची फोडणी घातली. हे मी बाईंना सांगितलेलं नाही.

या चीजने खोऱ्याला एकदा रडवलंही आहे. १९८३ ते १९८७ या काळात आमच्या वो प्रांतात लिस्टेरिया नावाच्या जंतूच्या संसर्गाने १२२ जण आजारी पडले, ३४ दगावले, आणि माग काढता काढता बोट वाशरँकडे गेलं. विक्री थांबली. तळघरं रिकामी झाली, फळ्या जाळल्या, दूध तापवून घेण्याचे आणि तपासणीचे कडक नियम आले आणि मग कुठे ते पुन्हा बाजारात दिसू लागलं. सत्तरच्या दशकात क्वार्ट्झ घड्याळांनी कारखान्यांचं कंबरडं मोडलं होतं, त्यातून सावरतायत तोवर हे. बाई तेव्हा तरुण होत्या. खोऱ्यात आपलं काही राहिलं नाही असं वाटून लोझानला उतरल्या, असं त्यांनी एकदा चहा पिताना सांगितलं आणि विषय बदलला.

आज तिकडे सकाळी सहा-सातला गेलात तर रस्त्यावर दिव्यांची रांग दिसते. फ्रान्समधून कामाला येणाऱ्यांच्या मोटारी. खोऱ्याची वस्ती सातेक हजार, आणि कारखान्यांना माणसं पुरत नाहीत. पगार स्वित्झर्लंडचा, घर फ्रान्समधलं. आपल्याकडे याला हुशारी म्हणतात, तिथेही तेच म्हणतात. घड्याळाचं काम आता वातानुकूलित इमारतींत, बाराही महिने चालतं. त्या कारागिरांपैकी कुणाच्या गोठ्यात गाय नाही, कुणी हिवाळ्याची वाट बघत नाही. आणि हिवाळाही पूर्वीसारखा राहिलेला नाही. तळं कधी पुरतं धरतच नाही, कधी काठाकाठाने धरतं आणि आठवड्यात सोडतं. बर्फावर जाऊ नये अशा पाट्या लावाव्या लागतात, कारण लोझानच्या पोरांना आवाजावरून बर्फ ओळखता येत नाही. माझं मत विचाराल तर आज खोऱ्यात जो पैसा आहे तो थंडीच्या आठवणीवर मिळतो आहे. घड्याळाच्या जाहिरातीत अजून बर्फातलं शेतघर, खिडकी, वाकलेला कारागीर हेच असतं.

हे मी बाईंच्या वडिलांसमोर बोलले नाही. ते नव्वदीला आलेले, कान शाबूत, हात अजिबात न थरथरणारे. मुंबईची चौकशी करता करता त्यांनी विचारलं, तिकडे इतक्या उकाड्यात जुन्या काळी बर्फ कुठून यायचा? मी सांगितलं की कारखाने यायच्या आधी अमेरिकेहून, जहाजाने. १८३३ मध्ये बोस्टनहून १८० टन बर्फ कोलकात्याला निघाला, चार महिन्यांनी पोचला तेव्हा १०० टन शिल्लक होता. मग लवकरच मुंबईलाही येऊ लागला. जमशेटजी जिजीभाईंनी पाहुण्यांना आइस्क्रीम खिलवलं आणि यजमानासकट सगळ्यांना पडसं झालं, ते छापून आलं होतं.

पडशाला ते हसले नाहीत. ते हिशेब करत होते.

“कशात गुंडाळून?”

“लाकडाच्या भुशात.”

“कुठल्या लाकडाच्या?”

“पाइनच्या असेल.”

“पाइन!” ते मुलीकडे वळले, जणू चूक तिची होती. “स्प्रूसचा घातला असता तर आणखी दहा टन पोचला असता.”